बरणीतला समतोल: ताळा जुळत नाही, तरी संच घेण्यासारखा आहे

बरणीत छोटं तळं मांडून बघायच्या या संचाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय: 'निसर्गाचा समतोल, तुमच्या टेबलावर'. माझी सगळी नोकरी लोकांच्या खतावण्या तपासण्यात गेली. 'समतोल' हा शब्द दिसला की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. त्यामुळे हा अभिप्राय लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो. बरण्या मांडून सव्वीस आठवडे झाले. दर रविवारी मोजणी झाली आहे, फक्त एक रविवार चुकला (दाढ काढली होती). वही माझ्याकडे आहे. बनवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना वेगळ्या पत्राने कळवल्या आहेत.

आत येतं ते असं. चार-चार लिटरच्या दोन काचेच्या बरण्या, तळ्यातल्या वाळवलेल्या गाळाची पुडी, हिरव्या पाण्याची बाटली (तो हिरवा रंग म्हणजे एकपेशीय शैवाल), डकवीडची कुपी, हॉर्नवर्ट नावाच्या पाणवनस्पतीच्या चार काड्या, सहा गोगलगायी, आणि डॅफ्निया. डॅफ्नियाला पाण्यातली पिसू म्हणतात, पण ती चावत नाही. ती कीटकही नाही, कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातली आहे. शिवाय खताची इवलीशी बाटली, ड्रॉपर, भिंग, मोजणीचा तक्ता, बत्तीस पानांची पुस्तिका, आणि एक चिठ्ठी: 'सहा आठवड्यांनी कळवा, पाहुणा पाठवू.'

भिंग टाकाऊ आहे. कडेला सगळं वाकडं दिसतं. घरातलं जुनं भिंग वापरलं.

मोठी तक्रार पाण्याची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि डॅफ्नियाला ते अजिबात सोसत नाही. पाणी निदान दिवसभर उघडं ठेवून मग वापरायचं, ही सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. मी पहिल्या पानापासून वाचत, सांगितलं तसं करत गेलो आणि पहिल्या कुपीतल्या डॅफ्निया मरून तासाभरात तळाशी गेल्या. नात गप्प बसली, हे मला जास्त लागलं. दुसरी कुपी त्यांनी विनातक्रार पाठवली, हे त्यांच्या जमेच्या बाजूला मांडतो.

आता मांडणीकडे. पुस्तिका सांगते की गाळ, हिरवं पाणी, डकवीड, गोगलगायी आणि पंधरा-पंधरा डॅफ्निया दोन्ही बरण्यांत घाला, हॉर्नवर्ट मात्र एकीतच. नातीने चिकटपट्ट्या लावून बारसं केलं. हॉर्नवर्टवाली ती 'जंगल', दुसरी 'मैदान'. दोन बरण्या देणं ही या संचातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. एकच दिली असती तर जे घडलं ते कशामुळे घडलं, हे सांगायला काही आधारच उरला नसता.

मोजणीचा तक्ता मला मनापासून आवडला. बरणी हलकेच ढवळायची, शंभर मिलीलिटर पाणी पांढऱ्या बशीत काढायचं, बशीखाली चौकटींचा कागद, चौकटीमागून चौकट मोजत जायचं आणि आलेल्या आकड्याला ४० ने गुणायचं. पुस्तिका हे एकदाच करायला सांगते. ते चूक आहे. बशीत एक डॅफ्निया जास्त आली की हिशेबात चाळीस वाढतात. मी तीनदा काढून सरासरी घेतो आणि पाणी परत बरणीत ओततो. सरासरी घेऊनही आकडा अंदाजाचाच राहतो, पण कुठल्या बाजूला किती चुकू शकतो हे तरी कळतं.

'मैदान'चे पहिल्या सहा आठवड्यांचे आकडे वहीतून उतरवतो: ४०, १०७, ३३३, ६२७, २१३, ९३.

पहिले चार आकडे पाहून आमच्या हिने विचारलं, "अहो, हे असंच वाढत राहिलं तर बरणीत पाणी उरेल का?" बरोबर शंका. डॅफ्निया आठवडा-दीड आठवड्यात वयात येते, मग दर तीन-चार दिवसांनी पिल्लांचा एक जथा टाकते, आणि सुगीच्या दिवसांत या कामासाठी तिला नर लागतच नाही. सगळ्या माद्या, सगळ्या आईच्या नकला. चक्रवाढ व्याज मी आयुष्यभर कागदावर पाहिलं होतं, पोहताना पहिल्यांदा पाहिलं.

या वाढीला लगाम बसतो तो कसा, यासाठी पुस्तिकेत पान अकरावर एक आलेख आहे. झुकलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी रेघ: आधी सावकाश, मग भरधाव, मग वरच्या एका आडव्या रेषेला अलगद टेकून सपाट. त्या आडव्या रेषेला नाव 'धारणक्षमता', म्हणजे ती जागा, ते अन्न, ते पाणी कायम किती जीव पोसू शकेल तो आकडा. हे गणित बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ साली मांडलं. पुस्तिकेत त्याचं नाव नाही, आलेखाच्या दोन्ही अक्षांवरही काही लिहिलेलं नाही. अक्षांना नाव नसलेला आलेख माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता.

पण खरी अडचण वेगळी आहे. माझे आकडे त्या रेषेला अलगद टेकलेच नाहीत. ते रेषा ओलांडून वर गेले आणि मग कोसळले. पहिल्यांदा वाटलं मोजणीत घोळ झाला. मग वही मागे उलटली तर तिसऱ्या आठवड्याच्या रकान्यात नातीच्या अक्षरात नोंद होती: 'पाणी काचेसारखं स्वच्छ झालं!' उद्गारचिन्हासकट. तेव्हा आम्ही दोघं खूश झालो होतो. प्रत्यक्षात कोठार रिकामं झाल्याची ती वर्दी होती. हिरवं पाणी हेच त्यांचं अन्न, ते गाळून गाळून संपलं होतं. तरी आकडा पुढचा आठवडाभर चढत राहिला, कारण आयांच्या पाठीवरच्या पिशवीत अंडी आधीच तयार होती. कालच्या जेवणावर आज बाळंतपणं चालू. अन्न संपल्याची बातमी जन्मदरापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि त्या वेळात जितके जन्मतात ते सगळे उधारीवर.

याचं जे उदाहरण मला ठाऊक होतं ते नातीला सांगितलं. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ साली अमेरिकेच्या तटरक्षकांनी तिथे २९ रेनडिअर सोडले, वेळ पडली तर तिथल्या माणसांना खायला म्हणून. युद्ध संपलं, माणसं निघून गेली, बेटावर शिकारी प्राणी नव्हताच. जमिनीवर दगडफुलासारख्या लायकेनचा जाड थर होता, वर्षानुवर्षं साठलेला. १९५७ साली कळप १,३५० चा झाला, १९६३ साली ६,००० चा. त्यानंतरचा हिवाळा कडक गेला. १९६६ साली मोजले तेव्हा उरले होते ४२, त्यात नर एकच. लायकेन फार हळू वाढतं. कळप व्याजावर जगत होता असं वाटत होतं, तो मुद्दल खात होता.

"मग त्या बेटाची धारणक्षमता किती होती, आजोबा? सहा हजार?"

हा प्रश्न पुस्तिकेने विचारायला हवा होता. सहा हजार हा आकडा त्या बेटावर खरोखर उभा होता, पण तो पेलण्याची ताकद बेटात नव्हती. शिवाय लायकेन उपटून खाल्ल्यावर बेट पूर्वीइतके प्राणीही पोसू शकेना. मर्यादा ओलांडली की मर्यादाच खाली येते, ही गोष्ट त्या सरळ आडव्या रेषेत कुठेच दिसत नाही.

आमच्या बरणीत तसं झालं नाही. डॅफ्निया कमी झाल्या, पाणी पुन्हा हिरवट झालं, आकडा पुन्हा चढला, पुन्हा उतरला. शैवाल लवकर सावरतं, लायकेन सावरत नाही, एवढाच फरक.

गर्दीच्या त्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात आणखी दोन गोष्टी दिसल्या, दोन्ही पुस्तिकेत नाहीत. एक, डॅफ्निया लालसर झाल्या. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की त्या रक्तात हिमोग्लोबिन वाढवतात आणि त्यांचं अंग पारदर्शक असल्यामुळे ते बाहेरून दिसतं. दोन, काहींच्या पाठीवर काळपट खोगीर दिसायला लागलं. आमच्या हिला ती कसली घाण वाटली. ती घाण नव्हती. दाटी झाली, अन्न तुटलं, दिवस लहान झाले की डॅफ्निया नर जन्माला घालतात, मग मीलन होतं, आणि जी अंडी तयार होतात ती जाड कवचात बंद होऊन तळाशी पडतात. ती सुकली तरी चालतात, गाळात वर्षानुवर्षं तशीच पडून राहू शकतात. मुदत ठेव म्हणा. अशी खोगिरं मी ड्रॉपरने काढून टाकणार होतो, नातीने अडवलं. ते बरंच झालं, पुढे कळेल.

आता डकवीड. पाण्यावर तरंगणारी, टिकलीएवढ्या पानांची ही वनस्पती. परिस्थिती मानवली तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. तीन आठवड्यांत दोन्ही बरण्यांवर झाकण घातल्यासारखी पसरली. 'जंगल'मध्ये खालचं हॉर्नवर्ट पिवळं पडायला लागलं, कारण उजेड वरच्या वर अडत होता. म्हणून मी दर रविवारी मोजणी झाली की चमच्याने निम्मं डकवीड काढायला लागलो. याला मी काळजी घेणं म्हणत होतो. हे नक्की काय होतं ते नंतर लक्षात आलं.

'मैदान'मधलं डकवीड मात्र तसंच राहू दिलं. सातव्या आठवड्यापासून ते वाढेना. पानं बारीक झाली, फिकट पडली आणि मुळं लांबच लांब, पाण्यात दोरे सोडल्यासारखी. उजेड भरपूर, पाणी भरपूर, जागाही कडेला होती. तरी थांबलं. पुस्तिकेत इथे खताच्या बाटलीचा एक थेंब टाकायला सांगितलाय आणि हा प्रयोग अप्रतिम आहे. चार दिवसांत पानं हिरवीगार. सगळं मुबलक असून एकाच गोष्टीची टंचाई असेल तर वाढ त्या एका गोष्टीने ठरते. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे शेतीच्या संदर्भात १८४० च्या सुमाराला सांगून गाजवलं. फळ्यांचं पिंप डोळ्यांसमोर आणा: पाणी सगळ्यात आखूड फळीपर्यंतच भरतं, बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत. बाटलीवर कुठली द्रव्यं किती हे छापलेलं नाही, म्हणून आखूड फळी नत्राची होती की स्फुरदाची, हे मात्र सांगता येत नाही. त्यांनी दोन वेगळ्या बाटल्या द्याव्यात.

पुस्तिकेसोबत नात्यांचा एक तक्ता आहे. दोन जातींमधलं नातं कुणाला फायद्याचं, कुणाला तोट्याचं, ते अधिक, उणे आणि शून्याच्या चिन्हांनी मांडलंय. अधिक-अधिक म्हणजे परस्पर सहजीवन. अधिक-उणे म्हणजे भक्षक आणि भक्ष्य, किंवा परजीवी आणि यजमान. अधिक-शून्य म्हणजे सहभोजिता, एकाला लाभ आणि दुसऱ्याला काही फरक नाही. उणे-उणे म्हणजे स्पर्धा. जमा-नावे पाहिल्यावर मी खुश होणार हे उघडच. नातीने लगेच हटकलं, की स्पर्धेत जिंकणाऱ्यालाही उणे का? कारण जिंकणारासुद्धा एकटा असता तर जास्त मिळवता. डकवीडने उजेड खेचला तरी पाण्यातली काही द्रव्यं हॉर्नवर्टने आधीच उचललेली होतीच.

तक्त्यावर माझा आक्षेप एवढाच आहे की चिन्हं कायमची असल्यासारखी छापली आहेत. गोगलगायींकडे बघा. त्या हॉर्नवर्टच्या पानांवर चढलेलं शेवाळ खरवडून खातात, पानाला उजेड मिळतो, अधिक-अधिक. शेवाळ संपलं तेव्हा त्याच गोगलगायी मऊ पडलेली पानं कुरतडताना दिसल्या. त्याच दोन जाती, तीच बरणी, चिन्ह बदललं.

सहभोजितेसाठी पुस्तिकेत शार्कला चिकटून फिरणाऱ्या माशाचं चित्र आहे. अहो, बरणीत शार्क कुठून आणू? उदाहरण बरणीतच होतं. काही डॅफ्नियांच्या अंगावर पांढरी लव दिसली, भिंगाखाली ती व्हॉर्टिसेला निघाली: देठावर बसलेली घंटेच्या आकाराची एकपेशीय मंडळी. डॅफ्नियाच्या पाठीवर बसून फिरायचं आणि वाटेत मिळेल ते गाळून खायचं. पुस्तकी हिशेबात अधिक-शून्य. पण ज्यांच्या अंगावर ही लव दाट होती त्या जड जड पोहत होत्या. हिशेबात शून्य दिसलं की मी नेहमी दुसऱ्यांदा तपासतो.

गाळाबरोबर फुकटात आलेली माणसंही आहेत. सायक्लॉप्स, एका डोळ्याचे, माद्यांच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. शिवाय तळाशी धावणारे शिंपल्यासारखे ऑस्ट्रॅकॉड. पुस्तिकेत एक ठळक वाक्य आहे: 'एकच गरज असलेल्या दोन जाती एकत्र राहू शकत नाहीत.' नात म्हणाली, मग हे सगळे एकत्र कसे? वाक्य खोटं नाही, अर्धवट छापलंय. मॉस्कोतल्या गॉस या जीवशास्त्रज्ञाने १९३४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या तर दर वेळी एक जात टिकली आणि दुसरी संपली. इथवर पुस्तिका बरोबर. पण त्याच गॉसने हरलेल्या जातीला तिसऱ्या एका जातीबरोबर ठेवून पाहिलं तर दोघी टिकल्या, कारण एक वरच्या पाण्यातले जिवाणू खायची आणि दुसरी तळाला बसलेलं यीस्ट. नळी एकच, बिऱ्हाडं दोन. आमच्याकडेही तेच. डॅफ्निया मधल्या पाण्यात गाळत फिरते, ऑस्ट्रॅकॉड तळाचा कचरा निवडतो, सायक्लॉप्स झडप घालून खातो. हा दुसरा अर्धा भाग छापला असता तर एक परिच्छेद वाढला असता, बास.

सहाव्या आठवड्यात कळवलं, सातव्यात पाहुणा आला. हिरवा हायड्रा. प्रत्येक बरणीसाठी तीन. अर्धा सेंटिमीटरही नसेल लांबी, डोक्यावर धाग्यांचा झुबका, काचेला चिकटून बसतो. डॅफ्निया धाग्याला लागली की दंशपेशी उडतात, ती लटकते, मग आख्खी आत. पहिली शिकार पाहताना नातीने माझा दंड घट्ट धरला होता आणि शेवटपर्यंत नजर हलवली नाही.

हा हायड्रा हिरवा का, हे पुस्तिकेत चांगलं सांगितलंय, श्रेय देतो. त्याच्या पेशींत शैवाल राहतं. शैवाल त्याला साखर देतं, तो शैवालाला आसरा आणि क्षार देतो. एकाच प्राण्यात अधिक-अधिक आणि अधिक-उणे दोन्ही नाती.

पण याच्या पुढच्या पानावर भक्षक आणि भक्ष्य यांच्या दोन गोंडस लाटा काढल्यात, एकीमागून एक, अनंत काळ. लोटका आणि व्होल्तेरा या दोन अभ्यासकांनी १९२५-२६ च्या सुमाराला वेगवेगळं काम करून हे समीकरण मांडलं, आणि कागदावर ते तसंच चालतं. 'मैदान'मध्ये काय झालं ते सांगतो. हायड्रांना अंगावर कोंब फुटले, कोंबांचे हायड्रा झाले. तीनाचे अकरा, अकराचे एकोणचाळीस. डॅफ्निया १४७ वरून ४० वर, मग तीन वेळा काढलेल्या बशीत एकही नाही. मी चौथ्यांदा काढलं. एकही नाही. लाट एकच आली आणि फुटली.

'जंगल'मध्ये तेच तीन हायड्रा, तीच शिकार, पण डॅफ्निया आजही आहेत, वीस ते दोनशेच्या दरम्यान वरखाली होत. हॉर्नवर्टच्या दाट काड्यांमध्ये हायड्राचे धागे पोचत नाहीत अशा खबदाडी आहेत, एवढंच कारण मला दिसतं. गॉसलाही हेच दिसलं होतं: पॅरामेशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम मोकळ्या नळीत ठेवले की आधी भक्ष्य संपायचं, मग भक्षक उपाशी मरायचा. तळाला लपायला गाळ दिला की भक्ष्य वाचायचं. हफेकर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९५८ साली संत्र्यांवर कोळीकिडे सोडून हाच खेळ मोठ्या पटावर मांडला. संत्री आणि रबरी चेंडू यांची मांडणी, वाटेत व्हॅसलीनचे अडथळे, आणि भक्ष्य किड्याला धाग्यावर तरंगत पळता यावं म्हणून लाकडी काड्या. पट जितका तुकड्यातुकड्यांचा, तितका खेळ लांबला. हे समजायला पुस्तिका लागत नाही, दोन बरण्या शेजारी ठेवल्या की पुरतं. पण पुस्तिकेतला आलेख आणि समोरची बरणी एकमेकांना खोटं पाडत असतील, तर दहा वर्षांचं पोर आलेखाला खरं मानतं आणि 'आपलं बिघडलं' म्हणून हिरमुसतं. आमचं काहीच बिघडलं नव्हतं.

एक बारकावा. भक्ष्य संपलं तरी 'मैदान'मधले हायड्रा लगेच मेले नाहीत. आकसले, कोंब येणं थांबलं, पण खिडकीच्या उजेडात तीनेक आठवडे तग धरून होते. आतल्या शैवालाची साखर म्हणजे जोडधंदा.

'जंगल'कडे बघून मी पत्नीला अभिमानाने म्हणालो, की बघ, इथे समतोल आहे. ती म्हणाली, "तुमचा चमचा धरून."

हे वाक्य मी तपासणीच्या शेऱ्यासारखं वहीत लिहून ठेवलंय. दर रविवारी डकवीड काढणारा मी. मी थांबलो असतो तर उजेड गेला असता, हॉर्नवर्ट गेलं असतं, खबदाडी गेल्या असत्या आणि डॅफ्निया हायड्राच्या पोटात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून खडकांच्या एका पट्ट्यावरचे सगळे तारामासे उचलून समुद्रात फेकून द्यायला सुरुवात केली. तारामासा शिंपले खायचा. तो गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि तिथल्या पंधरा जातींच्या आठ उरल्या. सगळ्यात जोरदार स्पर्धकाला कुणीतरी खात होतं म्हणून बाकीच्यांना जागा होती. माझ्या बरणीत तारामाशाचं काम चमचा करत होता आणि खोक्यावरच्या 'समतोला'त तो कुठेच दाखवलेला नाही. ताळेबंदात न दाखवलेली बाहेरची मदत. यासाठी मी लोकांना नोटिसा दिल्या आहेत.

आठव्या आठवड्यात झाकण मेणाने सील करा, असं पुस्तिका म्हणते. माझा सल्ला: करू नका, निदान बरणीत मेलेलं काही असताना तरी नको. मी 'मैदान' उशिरा का होईना, सील केलं. हायड्रा संपत आले होते, डकवीडचा बराच भाग कुजत होता, कुजवणाऱ्या जिवाणूंनी ऑक्सिजन ओढून घेतला आणि पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तेव्हा आमची ही खोलीतून निघून गेली. यात लाजण्यासारखं काही नाही. अ‍ॅरिझोनात बायोस्फिअर २ नावाच्या महाप्रचंड काचघरात १९९१ च्या सप्टेंबरात आठ माणसं दोन वर्षांसाठी बंद झाली, आणि सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास आला. मातीत सेंद्रिय द्रव्य भरपूर घातलं होतं, त्यातले जिवाणू ऑक्सिजन वापरत होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधी बराचसा काँक्रीटमध्ये मुरत होता. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत नाही, आणि ती नसणं अक्षम्य आहे. बरणीतलं पाणी किंवा झाडं ओढ्यात, तळ्यात ओतू नका. जी जात इथे चमच्याने आवरावी लागते ती तिथे कोण आवरणार? मी पाणी उकळून ओततो, काढलेलं डकवीड कडक उन्हात पूर्ण वाळवतो.

गुण द्यायचे तर संचाला पाचांपैकी चार, पुस्तिकेला दीड, भिंगाला काही नाही. रोज रमत बघायला काहीतरी हवं असेल तर मासे पाळा. हा संच मोजणाऱ्यांसाठी आहे. न मोजता ठेवलात तर महिन्याभरात तुम्हाला फक्त हिरवं पाणी आणि नंतर स्वच्छ पाणी दिसेल, आणि दोन्हींचा अर्थ उलटा लागेल.

'मैदान'चं नासकं पाणी काढून टाकलं आणि तळाचा गाळ बरणीतच खिडकीत वाळू दिला. दोन महिने तो तडे गेलेल्या पापुद्र्यासारखा पडून होता. बरणी घासून द्या, असा तगादा घरात चालू होता. मागच्या रविवारी घासायच्या आधी नात म्हणाली म्हणून एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी त्यात घातलं आणि 'जंगल'मधलं थोडं हिरवं पाणी. काल संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या तिने बरणी उजेडाकडे धरली आणि मला हाक मारली. इतके बारीक की आधी मला धूळ वाटली, पण धूळ अशी उड्या मारत नाही.

बशीत पाणी काढायला तिने मना केलं, दमतील म्हणे. काचेतूनच मोजले. सहा. ४० ने गुणायचं नाही, हे खरे सहा.